वेठबिगारमुक्तीचा दिवस शासनाने का पाळावा

वेठबिगारीच्या कायदेशीर अंताचा दिवस महाराष्ट्र शासनाने अधिकृतपणे पाळावा, असे म्हटले की पहिला आक्षेप येतो तो असा, की गुलामगिरी अमेरिकेत होती, कोकणात नव्हती. जंजिऱ्याच्या सिद्द्यांनी तर राज्य केले. हे म्हणणे टिकणारे नाही. सिद्दी हे हबशी, म्हणजे पूर्व आफ्रिकेतून आलेले लोक; यांतील अनेकांना विकण्यासाठीच दख्खनेत आणले गेले होते. निजामशाहीचा कर्ता मलिक अंबर हाही विकला गेलेलाच होता. काही जण किल्लेदार झाले म्हणून इतरांची विक्री खोटी ठरत नाही. माणसावरील मालकीहक्क न्यायालयांनी मानू नये, असे १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारला सांगावे लागले, ते तो हक्क मानला जात होता म्हणूनच. आणि जंजिरा संस्थान तर कंपनीच्या मुलखाबाहेरच होते, म्हणजे हा कायदा तेथे लागूही नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे : प्रथा शिल्लक असताना तिच्या अंताचा दिवस पाळणे हे ढोंग होय. परंतु अमेरिकेत मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आली, टेक्सासातील गॅलव्हेस्टनमध्ये ती जाहीर झाली १९ जून १८६५ रोजी, आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय सुट्टीचा मान मिळाला तो या दुसऱ्या तारखेला. कायदा माणसापर्यंत पोचला की नाही, हेच अशा दिवशी विचारायचे असते.

कोकणातील रायगड जिल्ह्यासाठी योग्य तारीख २५ ऑक्टोबर ही आहे, कारण १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा २५ ऑक्टोबर १९७५ पासून अमलात आल्याचे मानले जाते. पेण, रोहा, सुधागडच्या वाड्यांमधील कातकरी कुटुंबे पावसाळ्यातील टंचाईत ठेकेदाराकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतात आणि दिवाळीच्या आगेमागे वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर जातात. हंगामाअखेर ती फिटली नाही असा हिशेब निघाला, की पुढच्या वर्षाचे श्रमही बांधले जातात. श्रम बांधून घेणारे असे कर्ज या कायद्याने रद्दच केले आहे, पण हे कुटुंबाला निघण्यापूर्वी कळले तरच उपयोगाचे. म्हणून त्या दिवशी वाडीवाडीत कायद्याचे वाचन व्हावे, आणि याच कायद्याने जिल्ह्यात व उपविभागात नेमावयाच्या दक्षता समित्यांनी वर्षभरात काय केले, दंडाधिकाऱ्यांनी किती मुक्तीचे दाखले दिले व किती जणांचे पुनर्वसन झाले, याचा हिशेब जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांसमोर मांडावा.