सरगम गाणं खरंच गाणं असतं का? प्रभा अत्रेंनी त्यावर पीएचडी केली, कोल्हापूरने ती का आठवावी?

१३ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात डॉ. प्रभा अत्रे यांचं निधन झालं. वय ९१. 'किराणा घराण्याच्या ज्येष्ठ गायिका' ही त्यांची ओळख सगळ्यांना माहीत होती. पण त्या रचनाकार होत्या आणि मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुखही होत्या. त्यांच्या कामाचा धागा कोल्हापूरच्या शेजारी, मिरजेपर्यंत येतो.

मिरजेचा काय संबंध?

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांची कबरही तिथेच, मीरासाहेब दर्ग्यात आहे. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्यांची मुलं आणि हे दोघं प्रभाताईंचे गुरू. घरात गाण्याची परंपरा नव्हती. त्यांनी विज्ञान आणि कायदा अशा दोन्ही पदव्या घेतल्या होत्या.

वाद कशावरून?

गाताना शब्दांऐवजी 'सा रे ग म' ही स्वरांची नावंच गायची, याला सरगम म्हणतात. करीम खाँसाहेब सरगम गायचे. पण अनेक जाणकारांना ती शिकवणीतली गोष्ट वाटायची, मैफलीतली नाही. प्रभाताईंनी ती मैफलीत गायली आणि पीएचडीच्या प्रबंधासाठी विषयही तोच घेतला.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. अमुक राग अमुक वेळीच गायचा, या नियमालाही त्यांनी प्रश्न विचारला. अपूर्व कल्याण, मधुरकंस असे राग बांधले. आपल्या बंदिशी 'स्वरांगिनी' आणि 'स्वररंजनी' या पुस्तकांत छापून सगळ्यांना खुल्या केल्या. १९९० मध्ये पद्मश्री, २००२ मध्ये पद्मभूषण आणि २०२२ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

मग कोल्हापूरचा मुद्दा काय?

कोल्हापूर म्हटलं की उस्ताद अल्लादियाँ खाँ. शाहू महाराजांच्या दरबारातले गायक, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक. अनवट रागांचा प्रचंड साठा त्यांच्याकडे होता. १९४६ मध्ये ते गेले, पण त्यांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही. त्यांचं गाणं आपल्यापर्यंत आलं ते मंजी खाँ, भुर्जी खाँ, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून. शिष्याच्या गळ्यात जे उतरलं तेवढंच टिकलं. बाकीचं कायमचं गेलं.

आता तर सगळंच रेकॉर्ड होतं ना?

होतं. मोबाईलवर शिकवणी रेकॉर्ड होते, यूट्यूबवर मैफली मिळतात. पण रेकॉर्डिंग आपल्याला 'कसं गायलं' ते सांगतं. 'असंच का गायलं' हे त्यातून कळत नाही. अमुक रागात हा स्वर का टाळायचा, ही बंदिश याच लयीत का, हे गुरूच्या डोक्यात असतं.

आपल्याकडे अनेकदा गाणारा लिहीत नाही आणि लिहिणारा मैफलीत गात नाही. विद्यार्थ्यांसाठी 'थिअरी' म्हणजे परीक्षेपुरती पाठ करायची व्याख्या. प्रभाताई गायच्या, बांधायच्या, शिकवायच्या आणि आपण काय करतो ते मराठीत लिहायच्याही.

कोल्हापुरात, मिरजेत आजही जुन्या तालमीतले गुरू शिकवतात. तुम्ही किंवा तुमची मुलं गाणं शिकत असाल, तर पुढच्या शिकवणीला मोबाईलसोबत एक वही न्या. गुरुजींना 'का?' विचारा आणि उत्तर लिहून ठेवा.