‘द अ‍ॅडिक्शन’ : झेपेल का, आणि का झेपवायचा?

२०२५ मध्ये व्हॅम्पायर मंडळींची चांगलीच चलती होती. जानेवारीत ‘नोस्फेरातू’ आपल्याकडे लागला, एप्रिलमध्ये ‘सिनर्स’ आला आणि दिवाळीत ‘थामा’. तेव्हापासून तुम्हाला या प्रकाराची गोडी लागली असेल, तर कोणीतरी सिनेमावेडा मित्र एक नाव हमखास सुचवणार : एबल फेराराचा ‘द अ‍ॅडिक्शन’. १९९५चा, ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम ८२ मिनिटांचा. वर इशाराही देणार, ‘तत्त्वज्ञान आहे हां, झेपेल का बघ!’

तर बघावा का? माझं उत्तर हो आहे, पण भुताखेतांसाठी नाही.

कॅथलीन (लिली टेलर) न्यूयॉर्कमध्ये तत्त्वज्ञानात पीएचडी करतेय. एका रात्री एक अनोळखी बाई तिला अंधाऱ्या कोपऱ्यात ओढते आणि चावण्याआधी चक्क एक संधी देते : मला ठणकावून ‘जा’ म्हण. कॅथलीनच्या तोंडून ‘प्लीज’ निघतं. झालं! पुढे रक्ताची तलफ आली, की ती हाच डाव दुसऱ्यांवर खेळते. चावते आणि वर समोरच्यालाच ऐकवते, की तू नीट नाही म्हणाला नाहीस, चूक तुझीच. ‘तिनेच विरोध करायला हवा होता’ हे वाक्य आपण बातम्यांखालच्या कमेंट्समध्ये किती वेळा वाचतो, आठवून बघा. फरक एवढाच, की कॅथलीनकडे त्यासाठी संदर्भग्रंथ आहेत.

सिनेमाची खरी मेख इथेच आहे. शिकलेला माणूस वाईट वागायला लागला, की शिक्षण त्याला अडवतंच असं नाही. अनेकदा कारणं पुरवतं.

सिनेमा सुरू होतो तो वर्गातल्या स्लाइड-शोने. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय इथे अमेरिकन सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकऱ्यांना मारलं, त्याचे फोटो. दोषी ठरला एकटा लेफ्टनंट विल्यम कॅली. कॅथलीन वर्गाबाहेर मैत्रिणीशी यावरूनच वाद घालते, की एवढं सगळं एका माणसाच्या माथी कसं मारता येईल? प्रश्न रास्त आहे. पण दोष सगळ्यांचा म्हटलं, की तो कोणाचाच राहत नाही, आणि तिला नंतर ही पळवाट फार सोयीची पडते. आपणही गाझा, युक्रेनचे व्हिडिओ बघतो, दोन सेकंद थांबतो आणि अंगठा पुढच्या रीलवर. १९९५च्या सिनेमात मोबाइल नाही, पण तो अंगठा आहे.

आता तक्रारी. पात्रं बोलतात कमी आणि नीत्शे, सार्त्र, हायडेगर यांची नावं फेकतात जास्त. काही संवाद तर आदल्या रात्री गाइड वाचून आलेल्या मुलाच्या व्हायवासारखे वाटतात. (त्यातले काही मुद्दाम तसे असावेत, असा मला संशय आहे.) शेवट थेट ख्रिस्ती श्रद्धेच्या वाटेने जातो; तो काहींना भिडेल, काहींना पळपुटा वाटेल. आणि कॅथलीन झोपलेल्या नशेबाजाच्या अंगातून सिरिंजने रक्त काढून स्वतःला टोचून घेते, ते दृश्य जेवताना बघू नका.

पण ख्रिस्तोफर वॉकेन आला, की सगळं माफ. त्याचा पेइना हा मुरलेला व्हॅम्पायर. वर्षानुवर्षं भूक काबूत ठेवल्याची बढाई मारणारा. थोडाच वेळ दिसतो आणि सिनेमा खिशात घालतो.

बघायचाच तर रात्री, सबटायटल्स लावून, मध्येच नीत्शे गुगल न करता बघा. एवढं नको असेल, तर जिम जारमुशचा ‘ओन्ली लव्हर्स लेफ्ट अलाइव्ह’ (२०१३) लावा. त्यातले व्हॅम्पायर संगीतात रमतात आणि फारसं कोणाला छळत नाहीत. ‘द अ‍ॅडिक्शन’मध्ये मात्र पीएचडी मिळाल्यावर कॅथलीन प्राध्यापकांना पार्टीला बोलावते. मेन्यू काय असतो, ते सांगत नाही.