पाण्यात म्हैस, बाहेर मोल

म्हैस पाण्यात डुंबत असताना काठावर उभे राहून तिचे मोल ठरवू नये, हे व्यवहारज्ञान आपल्याकडे म्हणीच्या रूपाने पिढ्यान् पिढ्या टिकून आहे. जनावर दूध किती देते, त्याचे पाय धड आहेत की नाहीत, वय काय, यांतले काहीच दिसत नसताना सौदा करणारा मनुष्य फसला, तर त्याची कीव कोणी करीत नाही. परंतु ज्या व्यापारात दरवर्षी अब्जावधी डॉलरची उलाढाल होते आणि ज्याच्या ग्राहकांत शिकलेल्या तरुणांचा भरणा मोठा आहे, त्या व्हिडिओ गेमच्या व्यापारात पाण्यातल्या म्हशीचा सौदा हीच प्रतिष्ठित रीत होऊन बसली आहे. खेळ अजून पुरा व्हावयाचा असतो. ग्राहकांपैकी कोणी तो खेळून पाहिलेला नसतो. दिसलेली असते ती चार मिनिटांची झगमगीत चित्रफीत. तेवढ्यावर काही लाख लोक पैसे भरून मोकळे होतात, आणि आणखी काही लाख लोक न आलेल्या खेळावरून एकमेकांशी हमरीतुमरीवर येतात.

या रीतीचे बरेवाईट सर्व पैलू एकाच ठिकाणी पाहावयाचे असतील, तर मे २०२४ पासून मार्च २०२५ पर्यंत चाललेली ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ या सामुराई खेळाची प्रतीक्षा अभ्यासण्याजोगी आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीची ही मालिका २००७ मध्ये सुरू झाली. क्रुसेडच्या काळातील पवित्र भूमी, प्रबोधनकालीन इटली, क्रांतीतील पॅरिस, प्राचीन इजिप्त आणि ग्रीस अशी सफर करीत ती सोळाव्या शतकातील जपानला पोहोचली. अशा खेळाला ‘ओपन वर्ल्ड’ म्हणतात. त्यात खेळणाऱ्याला ठरावीक वाटेने नेले जात नाही. एक विस्तीर्ण मुलूख त्याच्या स्वाधीन केला जातो. डोंगर, भातखाचरे, किल्ले, देवळे, बाजार यांतून त्याने वाटेल तसे हिंडावे, वाटेल ते काम हाती घ्यावे, अशी ती कल्पना आहे. ओदा नोबुनागाच्या काळातला जपान अशा रीतीने पायाखाली घालता यावा, ही या मालिकेच्या चाहत्यांची मागणी जवळजवळ मालिकेइतकीच जुनी होती.

प्रतीक्षा निराधार नव्हती

या उत्सुकतेला बळ दिले ते एका प्रतिस्पर्ध्याने. अमेरिकेतील सकर पंच या संस्थेचा ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा खेळ जुलै २०२० मध्ये आला. इसवी सन १२७४ मध्ये मंगोल आरमाराने त्सुशिमा बेटावर केलेले आक्रमण हा त्याचा विषय. इतिहासाच्या काटेकोर कसोटीला तो उतरत नाही. त्याचा तेराव्या शतकातील नायक हायकू रचतो; वास्तविक हा काव्यप्रकार त्यानंतर काही शतकांनी रूढ झाला. तरीही जपानी रसिकांनी या परकीय संस्थेवर राग धरला नाही. उलट २०२१ मध्ये त्सुशिमा शहराने खेळाच्या दोन दिग्दर्शकांना आपले पर्यटनदूत नेमले. त्याआधी, सप्टेंबर २०२० मधील वादळात बेटावरील वाताझुमी देवस्थानाचे तोरी, म्हणजे प्रवेशकमान, कोसळले होते. तेव्हा त्याच्या उभारणीसाठी काढलेल्या वर्गणीला खेळाच्या चाहत्यांनी हातभार लावला आणि २ कोटी ७० लाख येनांहून अधिक रक्कम जमली.

परदेशी कारागिरांनी दुसऱ्याच्या इतिहासावर खेळ रचला आणि त्या भूमीने तो आपला म्हटला, असे हे उदाहरण आहे. तेव्हा जपानविषयीच्या पुढच्या खेळाची वाट पाहणे म्हणजे भाबडेपणा, असे म्हणता येणार नाही. प्रश्न वाट पाहण्याचा नव्हता; वाट पाहताना खिशातला पैसा आणि डोक्यातली शंका यांचे काय करावे, हा होता.

शंकेचे अर्थशास्त्र

वस्तू विकत घेण्यापूर्वी तिचा दर्जा कितपत कळतो, हा अर्थशास्त्रातील महत्त्वाचा प्रश्न आहे. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, काही वस्तूंचा कस पाहून, चाचपून कळतो, तर काहींचा केवळ वापरल्यानंतर. त्याच वर्षी जॉर्ज अॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे मांडले की, विकणाऱ्याला वस्तूचे दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाहीत, अशी स्थिती राहिली तर खोटा माल खऱ्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. या विषयावरील कार्यासाठी अॅकरलॉफ यांना २००१ मध्ये आणखी दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. व्हिडिओ गेम ही वापरूनच कळणारी वस्तू आहे. पन्नास-साठ तास खेळावयाच्या खेळाची गोडी दहाव्या तासाला टिकते की विटते, हे चित्रफितीत दिसत नाही. त्यात तो आगाऊ विकला जाऊ लागला, की वापरलेल्या एखाद्या ग्राहकाला विचारण्याचीही सोय उरत नाही.

येथे एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. आगाऊ नोंदणी मनुष्य का करतो? रेल्वेची जागा आधी राखून ठेवावी लागते, कारण डब्यातील आसने मोजकी असतात. परंतु तारेवरून घरी उतरणाऱ्या खेळाच्या प्रती कधी संपतच नाहीत. दहा लाखांनी घेतला तरी अकरा लाखाव्या ग्राहकाला तो त्याच क्षणी मिळतो. म्हणजे नोंदणीने ज्याची हमी मिळावी, अशी टंचाईच येथे नाही. म्हणून मग कृत्रिम आमिषे निर्माण करावी लागतात. नायकाला एखादा जादा पोशाख, एखादी जादा मोहीम, महाग आवृत्ती घेणाऱ्याला इतरांच्या आधी तीन दिवस प्रवेश, असे त्यांचे स्वरूप असते. ‘शॅडोज’ची साधी किंमत ७० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सहा हजार रुपयांच्या आसपास होती. कॉलेजात शिकणाऱ्या वा नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हे.

कंपनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. असा खेळ घडवावयास शेकडो माणसे आणि कित्येक वर्षे लागतात, आणि तोवर उत्पन्न शून्य असते. आगाऊ नोंदणीचे आकडे भागधारकांना धीर देतात. तथापि यातील विषमता नजरेआड करता येत नाही. भागधारक धोका पत्करतो, त्याबद्दल त्याला लाभांशाची आणि भाववाढीची आशा असते. आगाऊ ग्राहकही धोका पत्करतो, पण खेळ कितीही गाजला तरी त्याच्या पदरी पडते ती इतरांसारखीच एक प्रत. मालकाचा धोका आणि गिऱ्हाइकाचा मोबदला, असा हा व्यवहार आहे.

या व्यवहारात काय होऊ शकते, हे २०२० मध्ये जगाने पाहिले होते. सीडी प्रोजेक्ट या पोलिश कंपनीच्या ‘सायबरपंक २०७७’ या खेळाच्या ८० लाख प्रती आगाऊ खपल्या होत्या. तीन वेळा लांबणीवर पडून तो डिसेंबरमध्ये आला, तेव्हा जुन्या यंत्रांवर तो धड चालेना. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि पैसे परत करण्याची पाळी आली. हा अनुभव ताजा असताना कोणी ‘शॅडोज’कडे संशयाने पाहिले, तर त्याला निंदक म्हणण्याचे कारण नव्हते.

शंका आणि द्वेष

युबिसॉफ्टनेही शंकेला खाद्य पुरविले. जपानातील सेकिगाहारा येथे ऐतिहासिक बंदूकधाऱ्यांचे प्रयोग करणाऱ्या एका मंडळाचे निशाण कंपनीने संकल्पचित्रात विनापरवानगी वापरले, आणि त्याबद्दल २०२४ मध्ये तिला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. पुढे या खेळाची म्हणून जाहीर झालेली एक शोभेची मूर्ती मागे घ्यावी लागली, कारण तिच्यातील एका खांबाचे तोरी नागासाकीच्या सान्नो देवस्थानाची आठवण करून देत होते. ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुस्फोटात अर्धे उरलेले ते तोरी जपानी माणसाच्या लेखी सजावटीची वस्तू नव्हे. हायकूची चूक क्षम्य ठरली आणि या चुका ठरल्या नाहीत, याचे कारण स्पष्ट आहे. पहिली कवीची मोकळीक होती, दुसऱ्या बेपर्वाईच्या खुणा होत्या.

परंतु या रास्त शंकांच्या आडोशाने दुसरेच काही आत शिरले. खेळाच्या दोन नायकांपैकी नाओए ही इगा प्रांतातील कल्पित तरुणी, तर यासुके हा इतिहासातील आफ्रिकी पुरुष. जेझुइट धर्माधिकारी अलेस्सांद्रो वालिन्यानो यांच्याबरोबर तो १५७९ मध्ये जपानला गेला. हेच वालिन्यानो १५७४ मध्ये गोव्याला उतरले होते, आणि पूर्वेकडील जेझुइट कार्याचे केंद्र गोवा हेच होते. यासुकेला नोबुनागाने १५८१ मध्ये पदरी ठेवले. १५८२ मध्ये होन्नोजीच्या देवळात नोबुनागाचा अंत झाला, तेव्हाही तो त्याच्या सेवेत होता. त्याला ‘सामुराई’ म्हणावे किंवा नाही, यावर अभ्यासकांनी अवश्य वाद घालावा. पण २०२४ मध्ये उठलेला गदारोळ अभ्यासकांचा नव्हता. ‘निओ’ या खेळात एका जपानी कंपनीने २०१७ मध्येच यासुकेला उभे केले होते. तेव्हा असे वादळ उठले नव्हते. पुढे सकर पंचचा ‘घोस्ट ऑफ योतेई’ जाहीर झाला, तेव्हा त्याची नायिका स्त्री आहे, एवढ्यावरूनही तोच सूर उमटला.

मालाच्या दर्जाविषयीची शंका आणि माणसाच्या वर्णाविषयीचा वा लिंगाविषयीचा द्वेष यांची अशी सरमिसळ झाली, की नुकसान होते ते शंकेचे. टीका करणारे सगळेच द्वेष्टे, असे म्हणून विकणाऱ्याला रास्त प्रश्नही झटकता येतात. ज्याला निशाणाविषयी, किमतीविषयी, खेळातील तोचतोपणाविषयी विचारावयाचे आहे, त्याला आपण त्या टोळीतले नाही हे आधी सिद्ध करावे लागते. द्वेषाने कंपनीचे फारसे बिघडत नाही. ग्राहकाच्या हातातले एकुलते एक शस्त्र मात्र बोथट होते.

शंका न्याय्य असली तरी तिचा फटका कोणाला बसतो, याचेही भान हवे. युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई येथील कारागिरांकडे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या एका जुन्या खेळाचे नूतनीकरण सोपविले होते. सप्टेंबर २०२० मध्ये त्याची चित्रफीत आली आणि जगभर तिची टिंगल झाली. खेळ पुन्हा पुन्हा लांबला, आणि २०२२ मध्ये ते काम कॅनडातील मॉन्ट्रियलकडे गेले. अपुरे काम बाजारात केव्हा दाखवावे, हा निर्णय वरिष्ठांचा असतो; टिंगल मात्र कारागिरांच्या वाट्याला येते. तेव्हा शंकेचा रोख विक्रीच्या रीतीवर असावा, हात राबवणाऱ्यांवर नव्हे.

शंकेचे फळ

प्रत्यक्षात घडले ते असे. कंपनीच्या ‘स्टार वॉर्स आउटलॉज’ या दुसऱ्या खेळाची विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये युबिसॉफ्टने ‘शॅडोज’ नोव्हेंबरवरून फेब्रुवारीवर ढकलला आणि भरलेले पैसे परत केले. समभागांचा भाव दहा वर्षांतील नीचांकाला गेला. जानेवारीत, खेळाडूंच्या सूचनांचा विचार करण्यासाठी वेळ हवा असे सांगून, कंपनीने आणखी महिन्याभराची मुदत घेतली. अखेर २० मार्च २०२५ रोजी खेळ बाजारात आला. समीक्षकांनी तो एकंदरीत चांगला ठरविला. त्याच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांचे सर्वनाशाचे भाकीत खरे ठरले नाही, आणि आरती ओवाळणाऱ्यांचा युगप्रवर्तक चमत्कारही अवतरला नाही. पहिल्या आठवड्यात ३० लाख खेळाडू झाल्याचे कंपनीने सांगितले. हा आकडा खेळणाऱ्यांचा होता, विकलेल्या प्रतींचा नव्हता. मासिक वर्गणी भरून खेळणारेही त्यात आले. त्याच मार्चच्या २७ तारखेला युबिसॉफ्टने आपल्या प्रमुख मालिकांसाठी निराळी उपकंपनी काढून तिचा सुमारे चतुर्थांश हिस्सा टेन्सेंट या चिनी कंपनीला १ अब्ज १६ कोटी युरोंना देण्याचे जाहीर केले.

या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. विकणाऱ्याला चार महिने थांबावयास लावले ते पुष्पवृष्टीने नव्हे आणि शिवीगाळीनेही नव्हे; त्याच्या मागच्या खेळाकडे लोकांनी फिरविलेल्या पाठीने लावले. पैसा रोखून धरणारी शंका विकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचते. मात्र ज्या निवेदनात युबिसॉफ्टने पैसे परत देण्याचे कबूल केले, त्याच निवेदनात नव्याने आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना पुढील पुरवणी खेळ फुकट देण्याचे आमिषही होते. पोळलेल्या हाताने पुन्हा तोच तवा पुढे करावा, तसा हा प्रकार. जोवर घेणारे आहेत, तोवर देणारे ही रीत सोडणार नाहीत.

सामुराई खेळ यापुढेही येत राहतील, आणि त्यांच्या चित्रफितींतून चेरीच्या पाकळ्या गळतच राहतील. त्यांची वाट अवश्य पाहावी. वाट पाहण्याला पैसे पडत नाहीत. पहिल्या पगारातले किंवा शिष्यवृत्तीतून वाचवलेले सहा हजार रुपये मात्र खेळ बाजारात येऊन आठवडा लोटेपर्यंत खिशातच असू द्यावेत. तेवढ्या अवधीत कोणाची तरी म्हैस पाण्याबाहेर आलेली असते, आणि तिचे पाय सर्वांनाच दिसतात.