खाटेपाशीं कोण?

चरकाचार्यांनीं चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकीं पहिल्या दोहोंविषयीं आपल्या घरांतून पुष्कळ बोलणें होतें. डॉक्टर नांवाजलेला आहे ना, औषध कोणत्या कंपनीचें, यंत्र नवें आहे कीं जुनें, याची चौकशी सुशिक्षित मंडळी मोठ्या हौसेनें करितात. तिसऱ्या पादाकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. उपस्थाता म्हणजे रोग्यापाशीं राहून त्याची शुश्रूषा करणारा. त्याच्या अंगीं शुश्रूषेचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, अशी आचार्यांची अपेक्षा आहे. वृद्ध माणसास इस्पितळांत ठेवण्याचा प्रसंग आला, म्हणजे या एका पादावांचून बाकीचे तीन कसे लंगडे पडतात, तें आमच्या घरानें यंदा पाहिलें.

आमच्या वडील भगिनी, वय वर्षें ८१, अर्जुनी मोरगांवकडे लेकापाशीं राहतात. आषाढांत अंगणांत पाय घसरून त्यांचें खुब्याचें हाड मोडलें. दिवस रोवणीचे; घरांतील पुरुषमंडळी बांधींत. रुग्णवाहिका मिळून इस्पितळ गांठेपर्यंत सायंकाळ झाली. इस्पितळ कोणतें, सरकारी कीं खाजगी, तें लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. शस्त्रक्रिया उत्तम झाली, हें प्रथम सांगितलें पाहिजे. शस्त्रवैद्यांच्या हातास आम्ही नांव ठेवीत नाहीं. जें बिघडलें, तें पुढील नऊ दिवसांत.

तिसऱ्या रात्रीं अक्का असंबद्ध बोलूं लागल्या. खाटेवरून उतरूं पाहत, आणि दिवंगत यजमानांस हाका मारीत. त्या रात्रीं एका परिचारिकेकडे दोन वॉर्ड होते. तिनें तरी कोठें कोठें धावावें? एका सेवकानें अक्कांचीं दोन्ही मनगटें पट्टीनें खाटेस बांधलीं, आणि सकाळीं आमच्या भाच्यास सांगण्यांत आलें, कीं आजीबाईंच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. त्यांनीं आदल्या दिवशीं पाणी किती घेतलें, हें कोणीच विचारलें नाहीं. चष्मा, कवळी व कानाचें यंत्र हीं तीनही शस्त्रक्रियेपूर्वीं काढून पिशवींत ठेवलेलीं, तीं पिशवींतच होतीं. ज्या म्हातारीस दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं आणि नीट बोलतां येत नाहीं, ती अपरात्रीं अनोळखी जागीं घाबरली, तर त्यास वेड म्हणावें काय?

पुढें एका तरुण डॉक्टरानें रक्त तपासविलें. सोडियम बरेंच उतरलें होतें. तें भरून काढतांच दोन दिवसांत अक्का शुद्धीवर आल्या, व रोवणी किती झाली म्हणून विचारूं लागल्या. वृद्धांस शस्त्रक्रियेनंतर, पाणी कमी पडल्यानें किंवा जंतुसंसर्गानें असा भ्रम होतो, आणि कारण शोधल्यास तो बहुधा ओसरतो, ही गोष्ट घरोघरीं ठाऊक असावयास हवी. परंतु तोंपर्यंत माकडहाडावर तळहाताएवढी जखम झाली होती. ज्यास स्वतः कुशीवर वळतां येत नाहीं, त्याची कूस साधारण दर दोन तासांनीं बदलावी लागते. परिचारिका म्हणाल्या, तें नातेवाइकांचें काम. भाचेसुनेस तर पहिल्याच दिवशीं बजावलें होतें, कीं टांके आहेत, पेशंटला हात लावूं नका. इस्पितळ घरावर विसंबलें, घर इस्पितळावर विसंबलें, आणि मध्यें अक्का पडून राहिल्या. (उपस्थाता हा शब्द व्याकरणानें पुल्लिंगी खरा, आपल्या कुटुंबांतून मात्र त्याचा अर्थ सून असाच होतो, आणि तिनें फरशीवर काढलेल्या रात्री कोणी मोजीत नाहीं.)

घरचें माणूस अजिबात दूर सारलें म्हणजे काय होतें, तें २०२० सालीं कोरोनाच्या साथींत जळगांवास दिसलें. ८२ वर्षांच्या एका बाईंस तेथील सिव्हिल इस्पितळांत दाखल केलें होतें. साथीमुळें नातेवाइकांस आंत मज्जाव. २ जूनपासून त्या वॉर्डांत दिसेनात. घरच्यांनीं विचारपूस केली, पोलिसांत खबर दिली. आणि १० जूनला त्यांचें प्रेत त्याच इस्पितळाच्या शौचकूपांत सांपडलें. आठ दिवस! अधिष्ठात्यांसह कांहींजण निलंबित झाले. तें योग्यच, परंतु आमच्या मनांत प्रश्न येतो तो असा, कीं या आठ दिवसांत त्या खाटेवरचा माणूस कोठें आहे, हें पाहण्याचें काम नक्की कोणाचें होतें?

आचार्यांनीं रोग्याच्या गुणांत ज्ञापकत्व, म्हणजे आपली व्यथा सांगतां येणें, हाही एक गुण धरला आहे. वृद्ध रोग्याचा नेमका हाच गुण प्रथम जातो. म्हणून आम्ही आतां भेटेल त्यास सांगतों, कीं घरून निघतांना एक वही घ्यावी. पहिल्या पानावर चालूं औषधें, पूर्वींचे आजार, ऐकूं कोणत्या कानानें येतें, हें लिहावें. पुढें रोज पाणी, लघवी, जेवण आणि कूस यांच्या वेळा मांडाव्या. कूस कोणी बदलावयाची व कशी, हें पहिल्याच दिवशीं मुख्य परिचारिकेस विचारून घ्यावें, आणि चष्मा शुद्धीवर येतांच डोळ्यांवर चढवावा.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचें २० वें कलम सरकारी इस्पितळांत वृद्धांस शक्य तोंवर खाट, वेगळी रांग, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयांत त्यांच्यासाठीं राखीव सोय असावी असें सांगतें. आमचा जिल्हा १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला, २०१६ सालीं गोंदियास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. वैद्य आणि द्रव्य हे दोन पाद पूर्वींपेक्षां जवळ आले, याचा आम्हांस आनंद आहे. तिसरा पाद मात्र मागितल्यावांचून मिळत नाहीं, आणि मागावयाचें तर हातीं कागद हवा. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणें रुग्णानें किंवा त्याच्या अधिकृत माणसानें मागितल्यास उपचाराचे कागद ७२ तासांच्या आंत द्यावयाचे असतात. अर्ज दोन प्रतींत करावा व एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. भांडणाची जरुरी नाहीं.

भाच्यानें तसा अर्ज दिला. तिसऱ्या दिवशीं कागद आले. औषधांच्या वेळा पानोपानीं स्वच्छ अक्षरांत होत्या. कूस बदलल्याचा रकाना नऊही दिवस कोरा. त्या रकान्यापुढें सही कोणाची असावयास हवी, असें त्यानें अधीक्षकांस लेखी विचारलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.