औषध गाठीपर्यंत पोहोचते. रोग्यापर्यंत का नाही?

मक्तेदारी भांडवलाचे भाट एक युक्तिवाद अखंड आळवीत असतात : पेटंटची मक्तेदारी नसेल तर संशोधन थांबेल आणि रोगी औषधावाचून मरेल. कर्करोगावरील नॅनोकण-औषधांचा इतिहासच या युक्तिवादाचे पितळ उघडे पाडतो.

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील प्रभावी औषध. परंतु ते हृदयालाही इजा करते. मिलिमीटरच्या सुमारे दहा-हजाराव्या भागाएवढ्या स्निग्ध कोशांत ते बंद केले, की रक्तात दीर्घकाळ टिकते, गाठीच्या सच्छिद्र रक्तवाहिन्यांतून आत झिरपते आणि हृदयाची हानी घटते. असे पहिले औषध, ‘डॉक्सिल’, अमेरिकेत 1995 साली मान्य झाले. त्यामागचे ज्ञान कोणाचे? हे कोश 1960 च्या दशकात ओळखले अ‍ॅलेक बँगहॅम यांनी, इंग्लंडमध्ये बाब्रहम येथील सरकारी खर्चाच्या संस्थेत. गाठीत कण साठून राहतात, हे 1986 साली दाखविले मात्सुमुरा व माएदा या जपानी संशोधकांनी. डॉक्सिलचे मूळ प्रयोग झाले जेरुसलेमचे विद्यापीठ व रुग्णालय यांत. पेरणी समाजाने केली. खळ्यावर मात्र कंपनी येऊन बसली.

आणि ज्या मक्तेदारीचे एवढे गोडवे गायिले जातात, तिने रोग्याला काय दिले? डॉक्सिल तयार होत असे ओहायोतील एकाच कारखान्यात. 2011 साली तेथील उत्पादन बंद पडले. जगातील सर्वांत श्रीमंत देशातील रोगी प्रतीक्षायादीत उभे राहिले! अखेर फेब्रुवारी 2012 मध्ये अमेरिकी सरकारला भारताच्या सन फार्माचे ‘लिपोडॉक्स’ आयात करू द्यावे लागले.

सन फार्मा ही काही लोकसेवेसाठी निघालेली संस्था नव्हे. तीही नफ्यासाठीच चालते. परंतु असे औषध बनविण्याचे सामर्थ्य या देशात वाढले ते 1970 च्या पेटंट कायद्याच्या आधाराने. तो कायदा औषधाच्या निर्मितिप्रक्रियेवर पेटंट देई, खुद्द औषधावर नव्हे. जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली 2005 साली हे कवच काढून घेण्यात आले. एवढ्यावरच भागले नाही. डिसेंबर 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आय.डी.पी.एल. बंद करण्याचा आणि पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स विकण्याचा निर्णय घेतला. ज्या संस्थांनी स्वस्त औषधे दिली त्यांच्यावरच कुऱ्हाड!

पेशी शोधून काढणारे औषध विज्ञानाने घडविले. झोपडीतील रोगी शोधून काढणे हे विज्ञानाचे नव्हे, राजकारणाचे काम आहे. म्हणून मागणी स्पष्ट हवी : जनतेच्या पैशातून झालेल्या संशोधनावर जनतेचा हक्क, पेटंट कायद्यातील सक्तीच्या परवान्याच्या तरतुदीचा निर्भय वापर, आणि सार्वजनिक औषध-कारखान्यांचे पुनरुज्जीवन. ही मागणी दयेची नाही, न्यायाची आहे. आणि ती संघटित जनशक्तीच पदरात पाडून घेऊ शकेल.