राईची नोंद आणि विकासाचा आराखडा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे 'कान्हळाची राई' आहे. गोड्या पाण्याच्या दलदलीत उभे असलेले तेथील रानजायफळाचे वृक्ष एका प्राचीन आणि आज अत्यंत दुर्मीळ झालेल्या परिसंस्थेचे वारसदार आहेत. विस्तार तीन हेक्टरांहूनही कमी. ग्रामस्थांनी देवाची राई म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या राखली. 'जैवविविधता वारसा स्थळ' ही शासनाची मोहोर तिच्यावर उमटण्यास मात्र 2020चे दशक उजाडावे लागले. श्रद्धेने जे आधी राखले, ते कायद्याने फार उशिरा ओळखले.

कायदा नव्हता, असे नाही. 2002च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमण्याचे बंधन घातले. त्याखालील 2004च्या नियमांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्याचे काम या समितीकडे सोपविले. कायद्याच्या 36व्या कलमानुसार निरनिराळ्या क्षेत्रांच्या योजनांमध्ये संवर्धनाचा अंतर्भाव अपेक्षित आहे. तरीही बहुसंख्य गावांत या वह्या वर्षानुवर्षे झाल्याच नाहीत. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये दंडाची ताकीद दिली, तेव्हा यंत्रणा जागी झाली आणि अल्पावधीत देशभरातील नोंदवह्यांची संख्या अडीच लाखांच्या पुढे गेली. दंड टाळण्यासाठी घाईने भरलेली वही कपाटात जाते. रस्त्याची आखणी होताना, खाणीला परवानगी देताना किंवा औद्योगिक वसाहतीसाठी भूखंड पाडताना ती कोण उघडतो, हा खरा प्रश्न आहे.

उद्योगांचे उत्तरदायित्वही येथेच येते. कर्करोगावरील औषधासाठी उपयुक्त ठरलेल्या 'नरक्या' या वृक्षाची सह्याद्रीत बेसुमार तोड झाली. लाभ दूरच्या बाजारपेठेने घेतला, डोंगर मात्र उघडा पडला. जैवसंपदेच्या लाभातील वाटा भारतीय कंपन्यांनीही दिला पाहिजे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला. पुढे 2023च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापरकर्त्यांना या दायित्वातून सूट मिळाली. कायद्याने सूट दिली तरी धर्माने दिलेली नाही. ज्या वनस्पतीवर व्यवसाय उभा आहे ती पुन्हा लावणे आणि ती राखणाऱ्या गावाला त्याचा वाटा देणे, हे स्वदेशी उद्योगाचे पहिले कर्तव्य होय. त्याचप्रमाणे, उंच सड्यावर किंवा दलदलीत परदेशी वृक्षांची एकसुरी लागवड करून तिला 'भरपाई' म्हणणे ही आत्मवंचना आहे. शतकांत घडलेली राई रोपांच्या हिशेबाने परत येत नाही.

उपाय आपल्या हाती आहे. शिक्षक, विद्यार्थी, वैदू, गुराखी आणि शेतकरी यांनी ऋतुमानानुसार गावाची वही खऱ्या अर्थाने भरावी. ग्रामसभेने ती वाचून संमत करावी. कोणत्याही प्रकल्पाचा आराखडा गावात येईल, तेव्हा त्याच्या शेजारी ही वही ठेवूनच चर्चा व्हावी. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन एकच विचारणा करावी: आमची नोंदवही कोठे आहे, आणि ती शेवटची केव्हा उघडली? पूर्वजांनी कुऱ्हाड राईच्या सीमेवर थांबविली होती. आता आराखड्याची रेघ तेथे थांबविण्याचे दायित्व आपले आहे.