फणसाखालचा भुईचाफा

माझी पुतणी अमेरिकेत असते. गेल्या वर्षी तिने आपल्या बागेचा फोटो पाठवला. झाडाखालच्या सावलीत होस्टाची ठेंगणी रोपे. हिरव्या पानांना पांढरी किनार, जशी काठाची चोळीच! तसली रोपे अलोऱ्यात, आमच्या परसातल्या फणसाखाली लावायचीच, असे मी मनाशी ठरवले आणि दिवाळी होताच कुदळ घेतली. वाळक्या पानांचा एक गड्डा आड आला, तो उपटून खताच्या खड्ड्यात भिरकावला.

पुतणीचे उत्तर मागाहून आले : "काका, होस्टा मूळचा जपान-कोरियाकडचा. हिवाळ्यात कडक थंडीत त्याला निजावे लागते. कोकणात तो टिकायचा नाही."

तेवढ्यात आमची ही परसात आली. रिकामा खळगा पाहून म्हणाली, "अहो, आईंचा भुईचाफा कुठे गेला?"

माझ्या पोटात धस्स झाले. आई जाऊन सहा वर्षे झाली. तिने माहेरून आणलेला कंद होता तो.

"मेला होता की!" मी म्हणालो.

"मेला नव्हता. निजला होता."

दोघांनी हातांनी खत उपसले. चार कंद मिळाले. ते कोरड्या वाळूत ठेवले आणि फाल्गुनात लावले. पावसाचे पाणी कंदाशी साचू नये म्हणून चिऱ्याच्या कपच्यांवर मातीचा उंचवटा केला. चैत्र सरता सरता, एकही पान नसताना, थेट मातीतून जांभळे-पांढरे सुवासिक फूल उमलले. मागून पाने आली : वरून गडद-फिक्या हिरव्या नक्षीची, खालून जांभळट. सावलीत ती होस्टापेक्षा तसूभरही कमी दिसत नव्हती.

पुतणीला फोटो पाठवला. ती म्हणाली, "अमेरिकेच्या उष्ण दक्षिण भागात होस्टा नीट येत नाही. तिथे याच कुळातली झाडे लावतात आणि त्यांना 'दक्षिणेचा होस्टा' म्हणतात!"

आता पुन्हा दिवाळी आली आहे. पाने पिवळी पडू लागली आहेत. वाचकहो, तुमच्याकडे भुईचाफा असेल तर आता पाणी तोडा; निजल्या कंदाला ओल लागली की तो कुजतो. आणि जागेवर एक काठी रोवा. मीही रोवली आहे. ती झाडाच्या आधारासाठी नाही, कुदळ घेऊन येणाऱ्या माझ्यासाठी आहे.